डागाचे दगड

३ सप्टेंबर

गोटी,

पुन्हा दगडच! पाकीट फोडलं, चष्मा लावला, मध्ये कोणी यायला नको म्हणून दाराला कडी घातली, आणि वाचते तर काय, जमिनीच्या पोटात दगड वितळतो कसा नि थिजतो कसा. पानंच्या पानं! अगं, मी आत्या आहे तुझी, परीक्षा घेणारी बाई नव्हे. तू जेवतेस का, झोपतेस का, खोलीला खिडकी आहे का, शेजारीण कशी आहे, त्या बोगद्यातले पुरुष नीट बोलतात का, यातलं एक अक्षर नाही. आईबापामागे तुला मी वाढवली ती दगडाची बातमी ऐकायला?

दगडाचं मला कौतुक नाही. तुझ्या जन्माआधीपासून मी लाद्या घासते. सकाळी चाक सुरू झालं की कानात तेच आणि नाकात तेच. घरी येऊन केस धुतले तर मोरीत चिखल बसतो. त्यात तुझं पत्र आलं की वाटतं, आता जरा माणसाचं काही वाचायला मिळेल. कसलं काय.

बरं, लिहिलंस ते निदान कळेल असं तरी लिही. माझी शाळा चौथीपर्यंतची, हे विसरतेस. खाली इतकं तापतं की दगडाचा रस होतो म्हणतेस. मग तो रस आपल्याला जाळत का नाही? शेडमधल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं, तर एक म्हणाली, ‘म्हणजे आपल्या पायाखाली चूल पेटलीय, तरी हिवाळ्यात पाय गारच!’ सगळ्या हसल्या. माझी मान खाली गेली ती तुझ्यामुळे.

तू पाठवलेला दगड पोचला. देखणा आहे. पांढरा-गुलाबी, मधूनमधून काळे चमचमणारे दाणे. पाण्याखाली धरून बघितला. कुठे चीर नाही, डाग नाही.

आणि एक. तुझा कागद कोरा करकरीत. मी साधी चिठ्ठी लिहिली तरी कडेला माझा अंगठा उमटतो. बोगद्यात काम करणाऱ्या पोरीच्या पत्रावर चिखलाचं एक बोट नाही? तू खाली उतरतेस ना? हो की नाही, एवढंच लिही. दगडाचं नंतर.

तुझी आत्या


११ सप्टेंबर

आत्या,

जेवते. झोपते. खिडकी आहे, तिच्यातून बोगद्याचं तोंड दिसतं. शेजारीण नाही, शेजारी जनरेटर आहे, तो तुझ्यासारखा घोरतो. पुरुष नीट बोलतात, इतकं नीट की कंटाळा येतो. झालं समाधान?

आता तुझ्या मैत्रिणीची चूल. खाली सगळीकडे रस नसतो गं. काही काही ठिकाणीच, फार खोल, दगड वितळतो. तो रस भोवतालच्या दगडाहून हलका, म्हणून वर चढायला बघतो. भेगा शोधतो, वरच्या दगडाला ढुशा देतो, त्याचे तुकडे तोडून गिळतो. कधी थेट जमिनीबाहेर पडून वाहतो. पण पुष्कळदा पोचतच नाही. वाटेतच दमतो आणि जुन्या दगडाखाली कोंडून बसतो. अंगावर मैलभर जाडीची गोधडी! ऊब जाणार कुठून? मग तो निवायला हजारो नाही, लाखो वर्षं घेतो.

साखरेचा पाक आठव. भांडं झाकून कोपऱ्यात ठेवलंस आणि विसरलीस तर टपोरे खडे धरतात. घाईघाईने घोटून गार केलास तर पीठ. दगडाचंही तसंच. सावकाश निवला की दाणे मोठे होतात, भरभर निवला की बारीक. तुझ्याकडचा गुलाबी दगड फार सावकाश निवलेला आहे. वरची गोधडी झिजून गेली म्हणून तो आज डोंगर होऊन उभा आहे, आणि आम्ही त्याच्या पोटातून शहराच्या पाण्याची वाट काढतोय.

फक्त कडेची गोष्ट वेगळी. रस जिथे जुन्या गार दगडाला भिडतो तिथे तो चटकन थिजतो, म्हणून कडेला दाणा बारीक होत जातो. आणि पलीकडचा जुना दगड भाजून निघालेला असतो, तडकलेला, ठिसूळ. बोगद्याच्या माणसांना भीती त्या जागेची. तडकलेल्या दगडात पाणी साठतं.

पण काळजी करू नकोस, आमच्याकडे तशी कड अजून दिसलेली नाही. सुरुंग उडाला की मुकादम पुढच्या भिंतीचे तुकडे टोपलीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवतात, तेही धुऊन! सगळे एकाहून एक. मी भिंगातून बघते, तक्ता भरते, सही करते. माझ्या सहीशिवाय पुढचा सुरुंग नाही. बघ तुझ्या गोटीचा रुबाब!

गोटी


१७ सप्टेंबर

गोटी,

ताकाला जाऊन भांडं लपवतेस? तेही माझ्यापासून? मी हो की नाही विचारलं, तू मला पाक शिकवलास. आणि शेवटी बरोबर पकडली गेलीस. मुकादम टेबलावर आणून ठेवतो! टेबलावर! म्हणजे सुरुंग आत, भिंत आत, माणसं आत, आणि माझी भाची बाहेर खुर्चीवर बसून भिंगातून बघतेय. उंटावरून शेळ्या हाकायला तुला इतकं शिकवलं का मी?

तुझी सही त्या कागदावर कशाची गं? तू पाहिलेल्याची, की दुसऱ्याने दाखवलेल्याची?

कोण अडवतंय ते लिही. कोणी अडवत नसेल आणि तूच घाबरत असशील तर तेही लिही, म्हणजे दोन शिव्या देऊन मोकळी होईन.

लादी कापायच्या मशीनला मला हात लावू देत नव्हते, ते तुला आठवत नसेल. बाईचे केस पट्ट्यात अडकतील म्हणे. मी दुसऱ्या दिवशी केस कापून गेले. तू मला बघून भोकाड पसरलंस, ‘ही माझी आत्या नाही’ म्हणून. पण नवीन कारण शोधायला शेडवाल्यांना वेळ लागला, आणि तेवढ्यात मी लादी सरळ कापायला शिकले. मग कारण काय चाटायचंय?

आणि तो मुकादम मला सरळ वाटत नाही. दगड धुऊन देणारा पुरुष मी अजून बघितलेला नाही. घरी स्वतःची ताटली धुतो का विचार. त्याचा काहीतरी डाव आहे. तुला बाहेर खूश ठेवायची नि आत आपलं रेटायचं. त्याच्यावर डोळा ठेव.

उत्तरात पाक नको.

आत्या


२९ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र वाचून इतकी चिडले की दोन दिवस उत्तर लिहून फाडलं. आता शांत आहे आणि तुला एक सांगायचंय.

मी खाली गेलेले नाही. एकदाही नाही. इथल्या माणसांत असं मानतात की बोगदा आरपार होईपर्यंत बाईमाणसाने आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर डोंगर रागावतो, छत खाली येतं. मी रुजू झाले त्या दिवशी तोंडापाशी गेले, तर सगळी माणसं हत्यारं खाली ठेवून बाहेर येऊन उभी राहिली. भांडली नाहीत, ओरडली नाहीत. टोप्या हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. भांडली असती तर मी भांडले असते. मोठे साहेब म्हणाले, ‘कशाला उगाच? दगड वर येतील की तुमच्याकडे.’ मी परत फिरले. तुला लिहायची लाज वाटली.

आता मुकादम. तुझं पत्र डोक्यात होतं, म्हणून त्यांना सरळ विचारलं, ‘सगळेच दगड असे स्वच्छ कसे? बाकीचे कुठे जातात?’ त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाले, ‘बाई, तुमच्यापुढे डागाचा दगड कसा ठेवायचा? तुम्ही एवढ्या शिकलेल्या. चांगले चांगले निवडून आणतो मी.’ आत्या, डाव नाही गं कुठला. पाहुण्याला फुटका कप देत नाहीत, तसं! मी पहिल्या दिवशी एका चमकदार दगडाला ‘वा!’ म्हटलं होतं, ते त्यांनी धरून ठेवलं. तेव्हापासून रोज माझ्यासाठी चमकणारे शोधताहेत. आणि मी मूर्ख, रोज ‘वा!’ म्हणतेय.

बाकीचे त्यांनी ऑफिसच्या मागे टाकलेत. मी जाऊन ढिगाजवळ बसले. खालच्या दगडांचा दाणा मोठा आहे. वर वर, म्हणजे अलीकडे काढलेले, बारीक होत गेलेत. सगळ्यात वरचे तर इतके बारीक की भिंगाशिवाय दाणा दिसत नाही. आणि डाग! काळपट, मुठीएवढे डाग. ते डाग नाहीत, आत्या. ते रसाने गिळलेले आणि पुरते न पचलेले जुन्या दगडाचे तुकडे आहेत. ते दिसायला लागले म्हणजे कड जवळ आली.

माझ्या तक्त्यावर मात्र अजून मोठा दाणा, निकोप दगड, पुढे जायला हरकत नाही. खाली माझी सही.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, ढिगाऱ्यातल्या दगडांवरून काम थांबवता येत नाही, प्रत्यक्ष भिंतीवर दिसलं पाहिजे. भिंत बघायला आत जायला हवं. आत जायचं तर माणसं बाहेर येणार. साहेब म्हणतात, मग तुम्हीच ठरवा.

काय करू?

गोटी


३ ऑक्टोबर

गोटी,

काय करू म्हणे! आत जा.

मुकादमाला मी उगाच वाईट म्हटलं, ते परत घेते. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आम्हीही डागाची लादी मागे भिंतीला लावून ठेवतो, आणि गिऱ्हाइकासमोर येते ती स्वच्छ. त्याला कुणी शिकवलं नाही की तुला डागच हवेत. तू सांगितलंस का? नाही. ‘वा!’ म्हणत बसलीस. तेवढं तुझ्या पदरात घालते आणि पुढे जाते.

आता नीट ऐक. साहेबाला विचारू नकोस. साहेब ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतो तेव्हा त्याने ठरवलेलं असतं. मुकादमाला विचार. चारचौघांत नको, एकटा गाठ. त्याला तो ढीग दाखव आणि सांग की हे डाग तुझ्या माणसांच्या जिवाचे आहेत. तो येईल की नाही मला माहीत नाही, पण जो माणूस तुझ्यासाठी दगड धुतो तो निदान ऐकून तरी घेईल.

डोंगर रागावतो म्हणतात ना? त्याच्या पोटात सुरुंग लावतात, भोकं पाडतात, पाईप खुपसतात, तेव्हा तो हसत असतो काय? आणि माझी पोर एक भिंग घेऊन आत आली की रागावला! एवढ्या नाजूक मिजाशीचा डोंगर असेल तर त्याला राग येऊच दे एकदा.

माणसं बाहेर येऊन उभी राहिली तर राहू देत. त्यांनी टोप्या काढल्या तर तू नमस्कार कर आणि आत जा. बाहेर उभ्या असलेल्या माणसांवर छत पडत नाही, हे त्यांना कळेल हळूहळू.

माझे गमबूट पार्सलने पाठवतेय. तुला मोठे होतील, पुढे कापूस कोंब. टोपी तिकडे मिळेल. मिळाली नाही तर मागू नकोस, उचल.

आत्या


१४ ऑक्टोबर

आत्या,

बूट पोचले. कापूस कोंबला. काल आत गेले.

मुकादमांनी त्या ढिगातला एकेक दगड उचलून बघितला. मग म्हणाले, ‘म्हणजे मी टाकत होतो तेच तुमच्या कामाचे होते?’ त्यांना इतकं वाईट वाटलं की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. शेवटी म्हणाले, ‘चला. डोंगर रागावला तर दोघं मिळून बोलणी खाऊ.’

माणसं बाहेर आली. तू सांगितलंस तसा मी नमस्कार केला. एकजण थुंकला, बस. आम्ही दोघं आत गेलो.

तुला कसं सांगू. दिवे मागे राहिले की आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. पायाखाली रूळ, बाजूला पाण्याचा पाट. मी भिंतीवर हात ठेवून चालले. सुरुवातीला दाणा मोठा, बोटांना खरखर लागते. मग कमी, आणखी कमी. शेवटच्या भागात भिंत हाताला पाटीसारखी गुळगुळीत लागली. तो रस तिथे येऊन थांबला होता, आत्या. पलीकडे जुना गार दगड, त्याला टेकला आणि जागच्या जागी थिजला. लाखो वर्षांपूर्वीची ती जागा माझ्या तळहाताखाली होती. मी पुस्तकात हजारदा काढलेली आकृती आणि ही भिंत! मला रडू आलं. मुकादमांना वाटलं मी घाबरले.

आणि अगदी पुढे, उजव्या अंगाला, काळा भाजलेला दगड निघालाय. हातोडी मारली तर खणकन वाजला नाही, बद्द आवाज आला आणि कपच्या पडल्या. तडे आहेत. तड्यांतून पाणी झिरपतंय. थोडंच, पण गढूळ. गढूळ म्हणजे मागून काहीतरी धुऊन आणतंय.

थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. ड्रिलवाले दोघं आले होते, बाई काय बघतेय ते बघायला. मी भिंग दिलं. मग आणखी आले. भिंग हातोहात फिरलं. जो थुंकला होता तो म्हणाला, ‘हे पाणी मला परवापासून दिसतंय. मला वाटलं, बाई वर बघत असतील.’

बाहेर येऊन नवा तक्ता भरला, पाहिलं ते लिहिलं. पुढचा सुरुंग नको, आधी लांब बोअर मारून पलीकडे पाणी किती आहे ते बघा, असं खाली लिहून सही केली. मुकादम म्हणतात, बोअरशिवाय माणसं आत नेणार नाही. साहेब म्हणतात, त्यात दिवस जातील, थोडं झिरपणं सगळीकडेच असतं, हा तक्ता मागे घ्या आणि आधीसारखा द्या. मी दिला नाही. मग आज म्हणाले, मुख्य कार्यालयात तुमच्यासाठी चांगली जागा आहे, बढती समजा, सोमवार, २६ तारखेपासून इथे दुसरा माणूस येईल. मी म्हटलं घरी विचारून सांगते.

खरं सांगू, थकलेय. तिथे वातानुकूलित खोली असेल. कुणाच्या जिवाचा भार सहीवर नसेल. घ्यावी का बढती?

आणि आत्या, मी सांभाळते हे. तू इथे कुणालाही पत्र लिहू नकोस. मी तुला ओळखते.

गोटी


१९ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. आपल्या भाचीच्या सेवापुस्तिकेत पालक म्हणून आपला पत्ता मिळाला, म्हणून हे पत्र. मी येथील बोगद्याचा मुख्य अभियंता.

आपली भाची अत्यंत हुशार आणि मेहनती आहे. आपण तिच्यावर घेतलेल्या कष्टांचे तिच्यात प्रतिबिंब दिसते. तथापि तरुण वयात उत्साहाच्या भरात लहान गोष्टी मोठ्या वाटतात. एका काळ्या डागासाठी तिने सर्व काम खोळंबून ठेवले आहे. शहर पाण्याची वाट पाहत आहे, हे आपणही जाणता.

शिवाय बोगदा ही स्त्रियांना साजेशी जागा नव्हे. तिच्या आत जाण्याने कामगारांच्या भावना दुखावल्या. एक वडीलधारी म्हणून आपल्याला तिच्या सुरक्षिततेची चिंता असणारच. तिच्यासाठी मुख्य कार्यालयात मानाची जागा मी खास प्रयत्नाने मिळवली आहे. आपण तिला दोन समजुतीचे शब्द सांगावेत. जाण्यापूर्वी तिने तक्त्यावर पूर्वीप्रमाणे सही करून दिल्यास सर्वांचीच सोय होईल. न दिल्यास येत्या सोमवारी, २६ तारखेला, येणारे गृहस्थ देतीलच, पण मग तिच्या नावापुढे उगाच एक शेरा राहील. तो राहू नये असे मला मनापासून वाटते.

आपला शुभचिंतक,
मुख्य अभियंता


२२ ऑक्टोबर, गुरुवार

मोठे साहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं वाचतेय. माझी शाळा कमी. पण दुसऱ्यांदाही तेच निघालं.

माझ्या पोरीने मला सांगितलंय की इथे कुणाला पत्र लिहू नकोस. मी लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत, मी उत्तर देतेय.

दगड कसा होतो, रस कुठे थांबतो, ते मी तुम्हाला सांगायला आलेली नाही. तुम्ही माझ्यापेक्षा ढीगभर जास्त शिकलात. तुम्हाला सगळं कळतं, दुःख तेच आहे. न कळणाऱ्याला समजावता येतं. कळून कागद मागे घ्या म्हणणाऱ्याला काय समजावायचं?

काळा डाग म्हणता. त्या डागातून गढूळ पाणी येतंय, हे पत्रात लिहायचं राहिलं तुमचं. एवढं लांब पत्र, एवढी छान अक्षरं, माझ्या कष्टांचं कौतुक, आणि पाणी तेवढं विसरलात. शहर पाण्याची वाट बघतंय म्हणता. बघू देत. मीही नळाखाली बादली लावून बसते, मला माहीत आहे वाट बघणं काय असतं. पण माणसं बुडवून आणलेलं पाणी माझ्या बादलीत नको.

कामगारांच्या भावना दुखावल्या म्हणे. ते भिंग हातात घेऊन तिच्याशेजारी उभे होते. तुम्ही कुठे होतात?

बोगदा बायकांना साजेसा नाही. बरं. पण इतके दिवस प्रत्येक सुरुंगाच्या कागदावर बाईची सही साजत होती ना? बाई आत नको, सही आत चालेल! ती टेबलावर बसून ‘वा!’ म्हणत होती तोवर हुशार आणि मेहनती. आत जाऊन डोळ्यांनी बघून आली की तरुण वयाचा उत्साह. साहेब, मी तिला वाढवली. लहानपणी ती एखादी गोष्ट नाही म्हणाली की मार खायची, रडायची, आणि पुन्हा नाहीच म्हणायची. मला त्याचा तेव्हा फार राग यायचा. आज नाही येत.

समजुतीचे दोन शब्द सांगा म्हणता. सांगितले. कालच्या टपालाने तिला लिहिलं की बढती घ्यायची असेल तर बोअर झाल्यावर घे, आधी घेतलीस तर या घराची पायरी चढू नकोस. ती थकलीय, मला कळतं. थकली तर झोपू दे, उठली की पुन्हा नाही म्हणू दे. आणि शेऱ्याची भीती आम्हाला घालू नका. माझ्या नावापुढे शेडमध्ये इतके शेरे आहेत की नाव शोधावं लागतं.

आता कामाचं. सोमवारी नवा माणूस येतोय. तो बिचारा कोण, कुठला, मला माहीत नाही. तो आल्या आल्या त्याच्यापुढे कागद सरकवणार आणि न बघता सही घेणार, हे तुमच्या पत्रावरून दिसतं. ते करू नका. तुम्हाला इतकी खात्री आहे ना की पलीकडे काही नाही? मग दुसऱ्याचा हात कशाला? तक्ता घ्या, त्यावर ‘मी आत जाऊन पाहिलं, पुढे धोका नाही’ असं लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला. आणि सुरुंगानंतर माणसं आत जातील तेव्हा सगळ्यांच्या पुढे तुम्ही चला. हे जमत असेल तर मी गप्प बसते, माझी पोरही गप्प बसेल. जमत नसेल तर ती म्हणतेय तो बोअर मारा. तिसरा रस्ता नाही.

या पत्राची नक्कल मुकादमांना वेगळी पाठवलीय. जेवणाच्या सुट्टीत माणसांना वाचून दाखवा म्हणून लिहिलंय. त्यांच्याबद्दल मी आधी वाईट बोलले होते, त्याचीही भरपाई होईल.

पत्र टपालात टाकत नाही, आमच्या लाद्यांच्या ट्रकवाल्याच्या हाती देते. तो उद्या तुमच्या गावाला माल उतरवतो आणि शनिवारी दुपारी परत निघतो. निघायच्या आधी तो तुमच्या दारात येऊन उभा राहील. हॉर्न जोरात वाजवतो, तुम्ही झोपलेले असलात तरी ऐकू येईल. उत्तर त्याच्या हातात द्या. हुशार, मेहनती, शुभचिंतक हे सगळं गाळा. बोअर, नाहीतर तुमची सही, यातलं एक लिहा.

तो रिकाम्या हाताने आला तर त्याच ट्रकमध्ये बसून मी रविवारी तिथे येते, आणि सोमवारी सकाळी त्या काळ्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसते. मला उचलून बाहेर काढायला चारजण लागतील, आणि ते चारजण तोवर तुमचे राहिलेले नसतील.

शनिवार दुपार, साहेब. एक शब्द.

गोटीची आत्या